खेळणारी मुले आणि टाळता येणाऱ्या दुखापती

(क्रीडाशिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खेळताना लागायचेच, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. गुडघा फुटल्यावाचून मूल मोठे होत नाही, हा त्याच समजुतीचा दुसरा उच्चार. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. धावणाऱ्या मुलाचा पाय कधीतरी घसरणार आणि कोपर-गुडघे खरचटणारच. त्या भीतीने मुलाला घरात बसवून ठेवणे हे खरचटण्याहून कितीतरी मोठे नुकसान होय. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल मिळावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शहरांतील पुष्कळ मुलांना ती मिळत नाही. तेव्हा खेळ कमी कसा करावा, हा येथील विषय नाही. परंतु खरचटणे वेगळे आणि मोडणे वेगळे. मोडण्याच्या ज्या घटनांना आपण अपघात म्हणतो, त्यांपैकी बऱ्याचशा पंचाची शिटी वाजण्यापूर्वीच ठरून गेलेल्या असतात. मैदान कसे होते, समोर कोणाला उभे केले होते, आदल्या आठवड्यात सराव किती झाला होता आणि "सर, दुखतंय" असे मुलाने सांगितले तेव्हा त्याला काय उत्तर मिळाले, या चार गोष्टींत त्यांचे मूळ सापडते. या चारही गोष्टी मुलाच्या हाती नसतात. त्या मोठ्यांच्या हाती असतात.

प्रथम मुलाच्या शरीराकडे पाहिले पाहिजे. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस, ही कल्पना चुकीची आहे. वाढत्या वयातील लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ चकती असते. हाडाची लांबी वाढते ती या चकतीतून. मुलींमध्ये साधारणपणे १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ या वयात तिचे हाडात रूपांतर होऊन वाढ थांबते. तोपर्यंत ही कूर्चा आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा दुबळी असते. म्हणूनच ज्या पिळाने मोठ्या माणसाचा घोटा केवळ मुरगळतो, त्याच पिळाने बारा वर्षांच्या मुलाची ही चकती दुभंगू शकते. मुलांच्या अस्थिभंगांपैकी सुमारे १५ ते ३० टक्के या चकतीशी संबंधित असतात. त्यांतील बहुतेक योग्य उपचाराने बरे होतात. पण दुखापत ओळखली गेली नाही, तर हाडाची वाढ त्या जागी थांबते किंवा वाकडी होते, आणि त्याचा प्रत्यय येतो तो वर्ष-दोन वर्षांनी, जेव्हा मूळ दुखापतीची आठवणही कोणाला राहिलेली नसते. "मुरगळले असेल, होईल बरे" हे वाक्य प्रौढाच्या बाबतीत बहुधा खरे ठरते. मुलाच्या बाबतीत ते क्ष-किरण तपासणीनंतरच उच्चारावे.

उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात हाडे आधी लांबतात आणि स्नायू मागून येतात. ताणलेला स्नायू मग हाडाच्या कोवळ्या टोकाला सतत ओढत राहतो. गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकावर येणाऱ्या दुखऱ्या टेंगळाचे वर्णन ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ सालीच केले आहे. टाचेचेही असेच दुखणे असते. एरवी उत्साहाने पळणारा सातवी-आठवीतला मुलगा अचानक लंगडू लागला, उड्या मारण्यास कुरकुर करू लागला, तर शिक्षक त्याला आळशी ठरवून मैदानाला दोन फेऱ्या अधिक घालावयास लावतात. वस्तुतः त्याला काही आठवड्यांची सवलत हवी असते. एवढ्याने हे दुखणे बहुधा आटोक्यात येते.

हे शास्त्र नवे असले, तरी त्यामागील शहाणपण महाराष्ट्राला अपरिचित नाही. कोल्हापुरातील कोणत्याही जुन्या तालमीत पाहावे. हौद्यातील लाल माती आधी खणून, उलटून मोकळी केली जाते. तिच्यात तेल, ताक, हळद घातलेली असते. जोर-बैठका होऊन अंग तापल्यावाचून पोरगा कुस्तीला उतरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्ताद 'जोड' लावतो. कोणाची कुस्ती कोणाशी, हे वय, वजन, ताकद आणि तयारी पाहून ठरते. विजोड कुस्ती लावणाऱ्या वस्तादाला तालमीत मान राहत नाही. मोकळी जमीन, तापलेले अंग आणि बरोबरीची जोड ही तीन सूत्रे तालमीने पिढ्यान्‌पिढ्या पाळली. शाळेच्या मैदानावर मात्र तीच तीन सूत्रे आपण विसरलो, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

जोडीचाच विचार आधी करू. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात. पण तेरा-चौदाव्या वर्षी एकाच वर्गातील दोन मुलांच्या वजनात पंधरा-वीस किलोंचा फरक असणे मुळीच दुर्मीळ नाही. एकाला मिसरूड फुटलेले असते, दुसरा अजून बालक असतो. कबड्डीच्या कुमार गटांत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा ठेवली जाते, ती याच कारणाने. सामन्यापूर्वी काटा लावणारे आपण रोजच्या सरावात मात्र तो विसरतो. संघातील थोराड मुलांनी साखळी करून किरकोळ चढाईपटूला दाबले, की सगळा भार त्याच्या वळलेल्या गुडघ्यावर येतो. सराव हा सामन्यापेक्षा कितीतरी अधिक तास चालतो, हे ध्यानात घेतले, तर सरावातही वजनाप्रमाणे गट पाडण्याची निकड पटेल. वयाच्या खोट्या दाखल्यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्यांच्याकडे एका गुणी खेळाडूवरील अन्याय म्हणून पाहिले जाते, आणि तो असतोच. परंतु सतरा वर्षांचा गडी चौदा वर्षांच्या मुलांत घुसतो, तेव्हा तो कोणाचे तरी हाड धोक्यात घालत असतो. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील खेळाडूंच्या डाव्या मनगटाची क्ष-किरण तपासणी करून हाडांचे वय पाहते. तालुक्याच्या स्पर्धेत ते शक्य नाही, हे मान्य. पण समोरचा खेळाडू उघड उघड थोराड दिसत असताना डोळे मिटून घेण्याचे कारण नाही.

आता मैदान. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेच्या आवश्यक गोष्टींत क्रीडांगणाचा समावेश केला. क्रीडांगण असणे आणि ते खेळण्याजोगे असणे यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. काळ्या जमिनीच्या भागात उन्हाळ्यात मैदानाला भेगा पडतात आणि त्यांत धावत्या मुलाचा पाय अडकतो. मुरमाच्या मैदानावर पावसाने माती वाहून जाते आणि खडे वर येतात. खो-खोचा खेळाडू खांबाजवळ सूर मारतो तो याच खड्यांवर. या मैदानांसाठी कृत्रिम पृष्ठभागाची वाट पाहण्याचे कारण नाही. खडे वेचणे, भेगा बुजविणे, पाणी मारून धुमस करणे आणि खो-खोच्या खांबांभोवतीची माती भुसभुशीत ठेवणे हे काम मुले आणि शिक्षक मिळून दर आठवड्याला अर्ध्या तासात करू शकतात. लांब उडीच्या खड्ड्यातील वाळू उन्हापावसाने घट्ट बसते. उड्यांपूर्वी ती फावड्याने उकरली नाही, तर ती वाळू आणि रस्ता यांत फारसा फरक उरत नाही.

लोखंडी साहित्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात रोहतक जिल्ह्यात सराव करीत असताना बास्केटबॉलचा खांब अंगावर कोसळून सोळा वर्षांच्या एका खेळाडूचा जीव गेला. परदेशांतही जमिनीत न रोवलेले फुटबॉलचे गोलखांब उलटून अनेक मुले दगावली आहेत. अशा घटनेत खेळण्याचे कौशल्य अथवा मुलाची सावधगिरी यांचा काही संबंध पोहोचत नाही. खांबाच्या बुडाशी गंज चढला आहे काय, तो हलतो काय, हे पाहण्यास अभियंता लागत नाही. दोन धडधाकट माणसांनी तो हलवून पाहावा. हलला तर त्या दिवसापासून तो वापरातून काढावा. निधी येईपर्यंत तसाच वापरावा, हा पर्याय नव्हे.

अंग तापविण्याच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत फार उपयुक्त माहिती हाती आली आहे. जागतिक फुटबॉल संघटनेच्या पुढाकाराने ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी सुमारे पंधरा-वीस मिनिटांचा एक व्यायामक्रम तयार करण्यात आला. एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा किंचित वाकवून अलगद उतरणे, धावता धावता दिशा बदलणे, पोट व पाठ यांचे स्नायू बळकट करणे आणि पडावे कसे हे शिकणे, एवढाच त्याचा ऐवज. स्वित्झर्लंड, जर्मनी, झेक प्रजासत्ताक आणि नेदरलँड्स या चार देशांतील सुमारे ३,९०० मुलांवर तो पडताळण्यात आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा क्रम करणाऱ्या संघांत दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झाल्या आणि गंभीर दुखापतींत झालेली घट त्याहूनही मोठी होती. यास कसलेही साहित्य लागत नाही. कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलांनाही यातील हालचाली उपयोगी पडतील, कारण तोल, उतरणे आणि वळणे हीच या खेळांची अंगे आहेत. मुलींच्या बाबतीत तर अशा व्यायामाची गरज विशेष आहे. वयात आल्यानंतर उडी मारून उतरताना किंवा एकदम वळताना गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहूनही अधिक आढळते. उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकू न देण्याची सवय लावून हा धोका बराच कमी करता येतो. हा अस्थिबंध तुटला, तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतर नऊ महिने ते वर्षभराचा व्यायाम हे कोणत्याही कुटुंबाला जड जाणारे प्रकरण असते.

दुखापत ही नेहमी एका क्षणात होते असेही नाही. ती थेंबाथेंबाने साचते. द्रुतगती गोलंदाजी करणाऱ्या कोवळ्या मुलाच्या कमरेतील मणक्याला बारीक चीर पडते, ती हजारो चेंडूंच्या आघाताने. याचसाठी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तेरा वर्षांखालील द्रुतगती गोलंदाजाला सलग ५ आणि दिवसभरात १० षटके अशी मर्यादा घालून दिली होती. आपल्याकडे होतकरू गोलंदाज सकाळी शाळेकडून, दुपारी क्लबकडून आणि संध्याकाळी गल्लीत गोलंदाजी करतो, आणि तिन्ही ठिकाणी कोणी कोणाला विचारत नाही. अमेरिकेतील अभ्यासांतून एक सोपा अंदाज पुढे आला आहे: मुलाचे वय जितकी वर्षे, त्यापेक्षा अधिक तास आठवड्याला त्याने एकाच खेळाचा शिस्तबद्ध सराव केला, तर अतिश्रमाच्या दुखापतींचा धोका वाढतो. बारा वर्षांच्या मुलास बारा तास, हा हिशेब कोणत्याही आईला ठेवता येईल. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून सुट्टी द्यावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. सुट्टी खेळापासून नव्हे, त्याच त्या खेळापासून. गोलंदाजाने त्या काळात पोहावे, आट्यापाट्या खेळाव्यात, झाडावर चढावे. दहाव्या वर्षापासून एकाच खेळाला जुंपलेली मुले पुढे श्रेष्ठ खेळाडू होतात, ही समजूत बहुतेक खेळांच्या बाबतीत टिकणारी नाही.

डोक्याचा मार हा सर्वांत नाजूक विषय. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर चेंडू आदळला, कवटीला इजा झाली आणि शस्त्रक्रिया करून त्याचे प्राण वाचवावे लागले. त्याचे कसोटी जीवन तेथेच संपले. त्या काळी हेल्मेट नव्हते. आज ते बाजारात मिळते, तरीही कठीण चेंडूसमोर फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला, हेल्मेटविना उभी केलेली शाळकरी मुले दिसतात. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाका येथे रमण लांबा याच जागी हेल्मेटविना उभा होता आणि त्या माराने तो दगावला. संघात एकच हेल्मेट असेल, तर ते फलंदाजाला द्यावे आणि जवळ क्षेत्ररक्षक ठेवूच नये. कवटी शाबूत असली, रक्त आले नाही, शुद्ध हरपली नाही, तरी मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. मूल गोंधळल्यासारखे वागते, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारते, त्याचे डोके दुखते, मळमळते, उजेड सहन होत नाही. यांपैकी एक लक्षण जरी दिसले, तरी त्या दिवशी त्याने पुन्हा मैदानात उतरता कामा नये. डॉक्टरांनी तपासल्यावाचून पुढेही नाही. मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा मार बसला, तर तो जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००९ साली हा नियम शालेय खेळाडूंसाठी कायद्यानेच लागू केला, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू देण्याची मुभा दिली. वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी किंवा हातापायांतील दुबळेपणा दिसल्यास क्षणही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

उन्हाविषयी थोडक्यात सांगायचे, तर विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचपूर्वी शिबिर घेऊ नये, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजावे आणि पाणी मागणे हा दुबळेपणा समजू नये. उष्माघाताने मूल बरळू लागले, तर त्याला सावलीत नेऊन प्रथम भरपूर पाण्याने अंग थंड करावे. वाहनाची वाट पाहत त्याला कोरडे ठेवू नये.

इतकी दक्षता घेऊनही हात मोडणारच नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण मोडलेला हात आणि निकामी झालेला हात यांमधील अंतर पुष्कळदा पहिल्या काही तासांत पार केले जाते, आणि तेही उपचाराच्याच नावाखाली. पसरलेल्या हातावर पडल्याने कोपराच्या किंचित वर होणारा अस्थिभंग हा लहान मुलांत नेहमी आढळतो. कोपर सुजते. घरातील वडीलधारी मंडळी तेल लावून चोळतात किंवा गावातील हाडवैद्याकडे नेतात. तो हात ओढून, बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधतो. आत सूज वाढत असते आणि वरून बंधन आवळलेले असते. हाताच्या स्नायूंना रक्त मिळेनासे होते. मूल रात्रभर रडते. "हाड मोडले म्हणजे दुखणारच" असे म्हणून त्याची समजूत घातली जाते. सहा-आठ तास असेच गेले, की स्नायू मरू लागतात आणि मग बोटे कायमची आखडून पंज्याचे आकड्यासारखे रूप होते. फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ साली वर्णिलेले हे व्यंग आजही पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. ते झाल्यावर कोणतीही शस्त्रक्रिया हात पूर्ववत करून देऊ शकत नाही. कोपर चोळल्याने आणखी एक अपाय होतो: सांध्याभोवतीच्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते आणि कोपर वाकेनासे होते.

हाडवैद्याकडे लोक जातात ते केवळ अज्ञानाने, असे मानणे अन्यायाचे होईल. तो जवळ असतो, ओळखीचा असतो, रात्री दार उघडतो आणि दोनशे-पाचशे रुपयांत मोकळे करतो. तालुक्याच्या गावी क्ष-किरण यंत्र असले, तरी ते चालविणारा माणूस त्या वेळी भेटेलच अशी खात्री अनेकांना वाटत नाही. ही खात्री निर्माण करणे हे आरोग्य यंत्रणेचे काम होय. तोपर्यंत प्रत्येक क्रीडाशिक्षकाने एवढे तरी पक्के लक्षात ठेवावे. हात आहे त्या स्थितीत पुठ्ठ्याचा किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन सैलसर बांधावा व झोळीत ठेवावा. ओढू नये, चोळू नये, शेकू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. बोटे पांढरी अथवा गार पडली, मुंग्या आल्या किंवा बोटे हळूच सरळ करताना मूल किंचाळले, तर बंधन, मग ते कोणी का बांधलेले असेना, तत्काळ सोडावे आणि रुग्णालय गाठावे. प्लॅस्टरलाही हे लागू आहे.

आणि शेवटी ज्या गोष्टीपाशी सारे अडते तिचा विचार. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ज्या घरात आजवर कोणाला पगाराची नोकरी लागली नाही, तेथील मुलीच्या दृष्टीने विभागीय स्पर्धेतील एक सामना म्हणजे निव्वळ सामना नसतो. तिचा घोटा सुजला आहे, हे ती सांगणार नाही. वेदनाशामक गोळी घेऊन ती खेळेल आणि संघाला तिची गरज असल्याने शिक्षकही बुटाची नाडी आवळून देतील. यात कोणीही दुष्ट नाही, म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे. दहीहंडीच्या बाबतीत हा पेच न्यायालयापर्यंत गेला. वरच्या थरावर हलके मूल हवे आणि बक्षीस तर थरांच्या संख्येवर. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली. पुढे २०१७ साली १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, असे राज्य शासनाने न्यायालयास सांगितले. शालेय खेळांत असा निवाडा न्यायालय देणार नाही. म्हणून, मूल खेळण्यास योग्य आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ज्याला त्या सामन्याच्या निकालाशी देणेघेणे नाही अशा व्यक्तीकडे असावा. शाळेतील दुसरा शिक्षक असो वा प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, त्याचा 'नाही' हा शब्द अंतिम मानला जावा.

शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्याच्या मध्यावर सुरू होतो. त्यापूर्वी, जुलै महिन्यात, एक साधी शंभर पानी वही प्रत्येक शाळेने घालावी. कोणाला, कोणत्या तारखेस, मैदानाच्या कोणत्या भागात, कोणता खेळ खेळताना, किती वाजता लागले आणि तो किती दिवसांनी परतला, एवढेच रकाने पुरेत. वर्षअखेर ती वाचली, तर एकाच खांबाजवळ चार घोटे मुरगळलेले दिसतील, किंवा सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासातच बहुतेक मुले पडलेली आढळतील. तो खांब बदलण्यासाठी किंवा तो अर्धा तास कमी करण्यासाठी मुख्याध्यापकांपुढे ठेवण्यास याहून चांगला पुरावा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेव्हा खेळाडूंची नावे आधी द्यावीत, म्हणजे हृदयाची किंवा दम्याची तक्रार हंगामापूर्वी ध्यानी येईल. प्रथमोपचाराच्या पेटीत जुन्या आयोडिनच्या बाटलीऐवजी स्वच्छ पट्ट्या, झोळीचे कापड आणि पुठ्ठा असावा. जवळच्या दुकानात बर्फ आणि दूध मिळते की नाही, हेही पाहून ठेवावे. दूध अशासाठी की पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता लगेच त्याच जागी बसविता येतो, आणि ते न जमल्यास दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे नेला, तर तो पुष्कळदा पुन्हा रुजतो.